आगोटीच्या आधी घरातल्या जुन्या वस्तू कामाला कशा लावायच्या

मे अर्धा सरला की कोकणात घराघरातनं ठोकाठोकीचा आवाज यायला लागतो. घर शाकारायचंय, पडवीला झडी (पावसाची झड आत येऊ नये म्हणून आडोसे) बांधायच्यात, लाकडं मांगरात (घराबाहेरच्या खोपटात) टाकायचीत, आमसुलं, मसाला, सुकी मासळी भरून ठेवायचीय, सगळी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, गडबड. आणि ह्या गडबडीत माळ्यावरचा, पडवीतला, न्हाणीमागचा वर्षभराचा पसारा एकदम खळ्यात, म्हणजे अंगणात, येतो आणि मग घरोघरी तोच वाद, हे टाकायचं की ठेवायचं. आमच्या सासूबाईंचं उत्तर ठरलेलं, "टाकू नको गो, उपयोगाक येतला." आता येतला तो कधी आणि कसा, ते कोणीतरी ठरवायला हवं ना, म्हणून हे लिहितेय.

टाकाऊपासून टिकाऊचे व्हिडिओ मोबाईलवर ढिगाने आहेत. पुठ्ठ्याचे कप्पे, सुतळी गुंडाळलेल्या बाटल्या, पत्र्याच्या डब्याला रंग देऊन केलेला पेनस्टँड. दिसायला झकास, पण ते सगळं कोरड्या हवेतल्या लोकांसाठी. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, वर समुद्राची खारी हवा. जुलैपर्यंत पुठ्ठ्याचा लगदा होतो, सुतळीवर बुरशी येते आणि डब्याला गंज. म्हणून माझे नियम दोनच. ती वस्तू पाऊस काढणार का, आणि तिला घरात खरंच काही काम आहे का. नुसती शोभेला मांडून धूळ पुसत बसायचं असेल तर त्याला पुनर्वापर नका म्हणू, पसाऱ्याची जागा बदलली एवढंच.

तर कडक ऊन आहे तोवर सगळं बाहेर काढा आणि वेगळं करा. पाणी लागलं तरी ज्याचं काही बिघडत नाही ते एका बाजूला, म्हणजे नायलॉन, काच, रबर, करवंट्या, मातीची भांडी, सिंथेटिक कपडे. कोरडं ठेवावं लागणारं दुसऱ्या बाजूला, लाकूड, पुठ्ठा, सुती कापड, पत्रा. ज्याला दोन पावसाळे हात लागलेला नाही ते सरळ भंगारवाल्याला, सासूबाई दुपारच्या झोपल्या असताना. मस्करी नाही करत, मांगरात ढीग साठला की त्यात उंदीर होतात, आणि उंदरांच्या लघवीतनं पावसाच्या पाण्यात, चिखलात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) पसरतो हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. नुसतं साठवून ठेवणं म्हणजे काटकसर नव्हे.

मोडकी छत्री

ह्या एका वस्तूवर मी जास्त लिहिणार आहे कारण कोकणातल्या कुठल्याही घरात दोन-चार मोडक्या छत्र्या निघतातच, वाऱ्याने उलट्या झालेल्या, काडी तुटलेल्या. आणि कापड मात्र धडधाकट असतं, पाणी न झिरपणारं. त्याची मासळीबाजाराची पिशवी फार मस्त होते. कापडी पिशवीसारखी भिजत नाही, घडी केली की मुठीत मावते, आणि राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे तेव्हा कोळणीसमोर पिशवीसाठी हात पसरायची वेळपण येत नाही.

करायचं असं. आठ काड्यांच्या टोकांना कापड टाक्यांनी अडकवलेलं असतं, ते टाके उसवा, मधेमधे काडीला एकेक टाका असतो तोही उसवा, वरची टोपी फिरवून काढा. अख्खं कापड सुटून येतं, ते साबणाने धुवून सावलीत वाळवा. आता ते जमिनीवर पसरून बरोबर अर्ध्यात दुमडा, उलटी बाजू वर ठेवून. साधारण मीटरभर लांबीची घडी आणि वर अर्धगोल असा आकार दिसेल. ही घडीची बाजू म्हणजे पिशवीचा तळ. तळाच्या मधोमध खूण करून दोन्हीकडे साडेबावीस सेंटिमीटर मोजा, तिथून सरळ वर कापत जा. वरचा गोलवा चाळीस सेंटिमीटरवर सरळ करून घ्या. म्हणजे ४५ बाय ४० ची पिशवी तयार, फक्त दोन बाजू शिवायच्या आणि तोंडाची पट्टी दुमडायची.

तळाच्या बरोब्बर मधे छत्रीच्या टोकाचं भोक येतं हे विसरू नका, नाहीतर सगळं सुरमईचं पाणी गाडीच्या सीटवर. कापलेल्या तुकड्यातलं दुहेरी ठिगळ आतनं लावायचं आणि चारी बाजूंनी दोनदा मशीन मारायची. पिशवी धरायचे बंद पण त्याच तुकड्यातून निघतात, आठ सेंटिमीटर रुंद आणि पन्नासेक लांब अशा दोन पट्ट्या कापा, चौपदरी दुमडून शिवा, आणि पिशवीला जोडताना तिथे चौकोन आणि मधे फुली अशी शिलाई घाला, वजन तिथेच येतं. कापड सुळसुळीत असतं म्हणून शिवताना सरकतं, पण टाचण्या लावू नका, प्रत्येक टाचणीचं भोक राहतं, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. कडा सुटायला लागल्या तर मेणबत्तीच्या ज्योतीजवळनं नुसती झटकन फिरवायची, वितळून बंद होते. मासळी आणल्यावर पिशवी गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने नाही, गरम पाण्याने वास बसतो.

काड्या उरतात त्या मिरचीच्या, वांग्याच्या रोपाला आधाराला. टोकाला प्लास्टिकची टोपी असेल तर राहू दे, नसेल तर वाकवून टाका, पोरांच्या डोळ्यात जायला नको.

ट्यूब आणि फ्लेक्स

सायकलची, स्कूटरची पंक्चर झालेली ट्यूब टाकायची नाही. कात्रीने आडवी कापत गेलं की रबराची वळी निघतात, बोटभर रुंद, अर्धा बोट रुंद, हवी तशी. बाजारातल्या रबरबँडपेक्षा कितीतरी टिकाऊ. हिरांचा खराटा ढिला झाला की त्यावर दोन वळी चढवा, परत घट्ट. पिंपावर मच्छरदाणीचं कापड ताणून बसवायला तेच. बागेतला पाईप चिरला तर ट्यूब उभी कापून लांब पट्टी करायची आणि ताणून ताणून गुंडाळायची, प्लंबर येईपर्यंत काम भागतं (आणि गावात प्लंबर कधी येतो ते तुम्हाला माहीतच आहे). उन्हात मात्र रबर तडकतं, म्हणून कायमच्या बांधणीला वापरू नका.

फ्लेक्सचं सांगायलाच हवं. वाढदिवस, निवडणूक, हार्दिक स्वागत, गावातल्या नाक्यावर वर्षभर कोणी ना कोणी दात काढून उभं असतं. कार्यक्रम झाला की ज्याचा बॅनर त्याला विचारून घेऊन या, बहुतेक जण देतात. पूर्वी पडवीला नारळाच्या झावळांच्या झडी असायच्या, अजूनही आहेत, पण विणणारी माणसं कमी झाली आणि फ्लेक्सची झड एका दुपारी होते. छापील बाजू आत ठेवा की बाहेर ते तुमच्या गावच्या राजकारणावर सोडते.

बांधताना लोक कोपऱ्याला भोक पाडून दोरी ओवतात आणि पहिल्या वाऱ्यात ते टरकन फाटतं. त्यापेक्षा कोपऱ्यात लिंबाएवढा गुळगुळीत गोटा ठेवायचा, त्याच्याभोवती फ्लेक्स गुंडाळायचा आणि गोट्याच्या मानेला दोरी आवळायची. ओढ सगळ्या कापडावर येते, एका भोकावर नाही. मधल्या कडेलासुद्धा हात-हात अंतरावर असेच गोटे घ्या. आणि तळाच्या कडेला एक बांबू बांधून सोडा म्हणजे फडफड कमी. लाकडांवर, पेंढ्यावर टाकायचा असेल तर फक्त वरून झाका, चारी बाजू गुंडाळू नका, आत दमट राहून लाकडाला बुरशी येते आणि मग चूल नुसती धुमसते. फ्लेक्सवर आंबापोळी, सांडगे, आमसुलं वाळत घालू नका, ते खाण्याच्या वस्तूंचं प्लास्टिक नाही. आणि फाटला की न्हाणीच्या चुलीत तर अजिबात घालू नका, पीव्हीसी असतं त्यात, जळताना निघणारा धूर फार वाईट, आणि त्याच पाण्याने आपण आंघोळ करणार.

साड्या

आधी कापड ओळखा. कडेचा एक दोरा काढून पेटवा. कागदासारखा जळून राख झाली तर सुती, वितळून कडक गुठळी झाली तर सिंथेटिक. दोघींची कामं वेगळी.

सुती साडीची वाकळ, त्यात नवीन काय सांगणार, जुन्या नऊवारीची सगळ्यात मऊ. वाळवणावर झाकायला, कोकमाचं आगळ (मीठ घातलेला रस) गाळायला पण सुतीच.

सिंथेटिक साडीला सगळे नाकं मुरडतात, पाणी टिपत नाही, ऊबही नाही. पण पावसाळ्यातल्या पायपुसण्याला तीच हवी. सुती पायपुसणं जूनमध्ये ओलं झालं की गणपतीतच वाळणार, तोवर त्याला वास. सिंथेटिक पिळलं की दोन तासात पंख्याखाली कोरडं. साडीच्या लांबीतनं चार बोटं रुंदीच्या पट्ट्या फाडा, साधारण चौदा निघतात. तीन-तीनची वेणी घाला, टोकं दारात अडकवून ओढून घालायची, सैल नको. वेण्या एकमेकींना जोडून लांब करा, मग जमिनीवर सपाट ठेवून मधून बाहेर लंबगोल गुंडाळत जा आणि शेजारशेजारच्या वेण्या उलट बाजूने शिवत जा. शिवायला साधा दोरा घेऊ नका, कुजतो, मासे पकडायची बारीक तंगूस (नायलॉनचा दोरा) घ्या. एका साडीत चाळीस बाय पन्नासची दोन पायपुसणी आरामात होतात. गुळगुळीत लादीवर सरकू नये म्हणून खाली त्याच ट्यूबचे चार तुकडे टाका.

उरलेल्या भडक रंगाच्या साड्या परसवात भाजीच्या वाफ्याभोवती बांधलेल्या तुम्ही पाहिल्याच असतील, रानडुकरं बिचकतात म्हणून. थोडे दिवस उपयोग होतो, मग सवय होते त्यांना, तेव्हा साड्यांची जागा बदलत राहा. माकडांना कशाचंच काही नाही. जुन्या सीड्या टांगतात ना चमकायला, त्याने पाखरं जरा लांब राहतात, माकडं त्यात तोंड बघतात.

जाळं

१ जूनला समुद्रातली मासेमारी बंद होते, त्याच्या आधी होड्या वर ओढतात, जाळी तुणायला बसतात, तेव्हा बंदरावर फाटक्या जाळ्याचे तुकडे मागितले तर मिळतात. काकडी, पडवळ, दोडका, कारली चढवायला ह्याच्यासारखा मांडव नाही, पावसात कुजत नाही आणि वेलाचे तणावे बरोब्बर धरतात. आणल्यावर गोड्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा म्हणजे खारटपणा आणि वास दोन्ही जातात.

पण एक गोष्ट सांभाळा. जाळं जमिनीपर्यंत सोडू नका. ढिलं जाळं मातीवर पडलं की त्यात धामण अडकते, बाहेर यायला धडपडते तशी आणखी गुरफटते आणि मरते. धामण उंदीर खाते, आपल्या घराभोवती ती हवीच. म्हणून जाळं ताणून बांधा, जमिनीपासून वीतभर वर, आणि हंगाम संपला की उतरवून गुंडाळून ठेवा. साप अडकलेला दिसला तर स्वतः कात्री घेऊन जाऊ नका, गावात सर्पमित्र असतोच.

करवंटी, सोडणं आणि डवली

नारळ रोजचा, करवंटी रोजची, बहुतेक जळणात जाते आणि त्यात वाईट काही नाही. पण ठेवायची असेल तर फोडतानाच बघा. नारळाला तीन डोळे असतात आणि त्यातला एकच मऊ. डोळ्यांकडचा अर्धा भाग झाडांसाठी ठेवा, मऊ डोळ्यात खिळा घातला की पाणी निघायला आयतं भोक, ड्रिल नको काही नको, रोपं करायला छान. बिनडोळ्याचा अर्धा भाग वाटीला किंवा डवलीला, म्हणजे करवंटीच्या डावाला.

डवली करायला जाड, जुन्या नारळाची करवंटी घ्या. खोबरं खवून झालं की दोन दिवस उन्हात टाका, आतलं उरलेलं सुटून येतं. बाहेरचा काथ्या आधी कोयत्याच्या पात्याने किंवा फुटक्या काचेच्या धारेने खरवडायचा, मग पॉलिश पेपर, आधी ८० नंबर आणि मग २२०. हे काम अंगणात करा, धूळ फार उडते, नाकाला रुमाल बांधा. काठाच्या खाली बोटभर जागा सोडून समोरासमोर दोन भोकं, एक दांडा जाईल एवढं मोठं, समोरचं लहान. बांबूची कांब तासून टोक बारीक करा, मोठ्या भोकातनं आत घालून टोक लहान भोकात ठोकून बसवा. खिळा नाही, गोंद नाही. ओला बांबू घेतलात तर वाळल्यावर आकसून दांडा खुळखुळतो म्हणून वाळलेलाच घ्या. शेवटी खोबरेल चोळा. पेज वाढायला, आमटी ढवळायला, नॉनस्टिकला चरे पडत नाहीत आणि दांडा तापत नाही. भिजत ठेवायची नाही, धुवून उभी ठेवायची.

सोडणं, म्हणजे नारळाची बाहेरची सालं, न्हाणीत जळणाला जाऊन उरली तर नारळाच्या, सुपारीच्या आळ्यात पालथी मांडा, पाठ वर. ओल धरून राहते आणि पाणी साठत नाही. कुंडीत वापरायची तर आधी एक-दोन दिवस भिजवून ते लाल पाणी ओतून द्या, मग तळाला घाला.

फुटकी कौलं, तिसऱ्यांच्या शिंपल्या

पागोळ्यांखाली बघा कधी, चार महिने एकाच रेषेत पाणी पडून तांबडी माती उडते आणि भिंतीला कंबरेएवढे लाल डाग. शाकारताना निघालेली फुटकी कौलं त्या रेषेत दोन थर मांडा, वर तिसऱ्यांच्या शिंपल्या पसरा. पाणी त्यावर आपटून फुटतं, माती उडत नाही. रंगारी जो खर्च सांगतो त्यापुढे हे फुकटच. शिंपल्या आधी धुवून घ्या, नाहीतर रात्री मांजरांची सभा.

आंब्याच्या पेट्या

हंगाम संपला की लाकडी पेट्या उरतात, आता बरेच लोक पुठ्ठ्याच्या खोक्यातनं आंबा पाठवतात तरी. लाकूड हलकं, फळ्या पातळ, त्याचं फर्निचर वगैरे करायला जाऊ नका. कांदे-बटाट्याला मात्र उत्तम, फटीतनं हवा खेळते. बाहेर आलेले खिळे ठोकून घ्या, आणि पेटी जमिनीवर टेकवू नका, खाली चिऱ्याचे तुकडे किंवा विटा. ओल आणि वाळवी दोन्ही जमिनीतनं येतात. वाळवीला काजूच्या टरफलाचं काळं तेल लावतात, काजू प्रक्रियेच्या कारखान्यात मिळतं, एक हात मारला की वाळवी लांब राहते. पण ते तेल कातडी भाजतं, हातमोजे घालूनच लावा, आणि खाण्याचं ठेवायच्या पेटीला आतून लावू नका, फक्त पायांना आणि तळाला.

पुठ्ठ्याचे खोके पावसात कुजणारच आहेत तर त्यांना कुजण्याचंच काम द्या. चिकटपट्टी, पिना काढून सपाट करा, तण माजलेल्या जागेवर एकावर एक कडा चढवून पसरा, वर पालापाचोळा. पहिल्या सरीत ते बसतं, खालचं तण गुदमरतं आणि पावसाळा संपेपर्यंत मातीत जातं. फक्त घराच्या भिंतीपासून लांब, वाळवीमुळेच.

बरण्या, बाटल्या, डबे

जॅमच्या, कॉफीच्या काचेच्या बरण्या सगळ्यांकडे असतात. लेबलचा चिकटपणा खोबरेल आणि खायचा सोडा कालवून लावा, अर्ध्या तासाने घासा. भरायच्या आधी गार पाण्यात बुडवून, भांड्याच्या तळाला फडकं घालून उकळा, उकळी आल्यावर दहा मिनिटं, मग पालथ्या घालून निथळवा आणि कडक उन्हात ठेवा. पत्र्याच्या झाकणाच्या बरणीत लोणचं किंवा आगळ नको, मीठ आणि आंबट मिळून झाकण खातात. तिथे मालवणी मसाला, कुळथाचं पीठ भरा, मसाल्यात हिंगाचे खडे टाकायला विसरू नका.

पाण्याच्या प्लास्टिक बाटलीची मान कापून ठेवा. पिठाच्या, सुक्या जवळ्याच्या पिशवीचं तोंड त्या मानेतनं वर काढायचं, बाहेरच्या बाजूला दुमडायचं आणि वर बूच फिरवायचं. दमट हवेत पिशवीला गाठ मारून काही उपयोग होत नसतो, हे खरंच घट्ट बसतं. सुकटीला वापरलेला डबा मात्र जन्मभर सुकटीचाच, त्यावर मार्करने लिहून ठेवा.

सार करून झालं की आमसुलं फेकू नका, चिमूटभर मीठ लावून तांब्याची कळशी, पितळेची समई घासा, आंबटाने काळेपणा निघतो. लगेच धुवून पुसा, नाहीतर परत डाग. चुलीची राख चाळून डब्यात कोरडी भरून ठेवा, भांड्यांना, बियाण्याच्या कडधान्याला, आणि आपली माती आंबट असते म्हणून माडाच्या आळ्यातही थोडी. युरियासोबत एकदम टाकू नका, त्यातलं नत्र उडून जातं.

एका डब्याला मात्र माफी नाही. आंब्यावर मारायच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी घरात आणायचा नाही, पाण्याला नाही, रॉकेलला नाही, झाडालासुद्धा नाही. भोकं पाडून निकामी करा. रंगाच्या बादल्या झाडांना चालतील, धान्याला नको.

पाणी साठणार नाही ह्याकडे लक्ष

पावसात हे सगळं बाहेर मांडलं की त्यात पाणी साठणार, आणि डेंगीचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, करवंटीभर पाणी पुरतं त्याला. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात म्हणून आठवड्यातनं एक वार ठरवा, सगळ्या वाट्या, बादल्या, कुंड्यांच्या ताटल्या ओता आणि आतून घासा. नुसतं ओतून चालत नाही, अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि वाळून गेली तरी पुन्हा पाणी मिळाल्यावर फुटतात. टायरचा झोपाळा केला असेल तर खालच्या बाजूला भोकं पाडा.

उन्हाळ्यातलं एक मडकं मात्र जपून ठेवा, गळकं असलं तरी. दिवाळीनंतर भाजीचा वाफा कराल तेव्हा ते मधोमध गळ्यापर्यंत पुरा, मोठं भोक असेल तर सिमेंटने बुजवा, पाणी भरा आणि तोंडावर करवंटी पालथी घाला. मडक्यातनं पाणी हळूहळू झिरपतं आणि मुळं तिकडे वळतात. एवढा पाऊस पडूनही मार्चमध्ये विहिरी तळ गाठतात त्या आपल्या गावात हे फार कामाचं.

गणपतीचं मखर

माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीला, फळं-फुलं रानातली बांधतोच, मागच्या मखराला दरवर्षी नवीन काहीतरी विकत आणायची गरज नाही. चार-सहा आंब्याच्या पेट्या आडव्या रचून पायऱ्या करा, शेजारशेजारच्या पेट्या खिळ्यांनी नको, स्क्रूने जोडा म्हणजे नंतर सुट्या होतात. वर जाड चादर, त्यावर काठापदराची साडी. मागे बांबूच्या चौकटीवर दुसरी साडी चुण्या घालून लावा, चुण्या चिमट्यांनी धरून ठेवायच्या आणि वरून काठ आडवा घ्यायचा, चिमटे झाकले जातात. लग्नपत्रिका जपल्या असतील तर सोनेरी बाजूची पानं कापून ट्यूबच्या बारीक वळ्यांवर चिकटवून तोरण होतं, पण फेविकॉल दमट हवेत वाळायला वेळ घेतो म्हणून आदल्या दिवशी करू नका, चार दिवस आधी करा.

साडी सिंथेटिक असेल तर समई तिच्यापासून निदान हातभर लांब. निरांजन, उदबत्तीचं घर पण पुढेच, मागे नाही. विसर्जन झालं की त्याच आठवड्यात स्क्रू काढून खोबरेल लावलेल्या फडक्यात बांधून ठेवा, साड्या धुवून ऊन पडेल त्या दिवशी वाळवा, आणि पेट्या रिकाम्या झाल्या की नवरात्राच्या आधी कांदे त्यात.